फीड लावायला शिकले: बातम्या आपल्या क्रमाने वाचण्याचा अनुभव

बातम्यांची ॲप्स फोनवरून काढून टाकून त्यांच्या जागी मी फीड रीडर, म्हणजे आपण निवडलेल्या साइटवरच्या नव्या गोष्टी एका यादीत आणून देणारा प्रोग्राम, वापरायला लागले, त्याला आता काही महिने झाले. २०२५ च्या जूनमध्ये सुरुवात केली आणि दिवाळीपर्यंत घडी नीट बसली. मधल्या काळात बऱ्याचदा वाटलं की हे आपल्यासारखीचं काम नाही. मराठीत पायरीपायरीने सांगितलेलं फारसं काही हाती लागलं नाही, आणि इंग्रजीत होतं ते प्रोग्रामरांनी एकमेकांसाठी लिहिलेलं. म्हणून ज्या क्रमाने मी गेले त्याच क्रमाने सगळं लिहिते आहे: कुठे अडलं, कुठे थांबावं लागलं, पैसे कुठे लागले.

मी पुण्यात टिळक रोडवरच्या एका सीएंच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते आणि सिंहगड रस्त्याला राहते. हे सांगायचं कारण असं की मला कोणत्या बातम्या लागतात ते यावरूनच ठरतं. ऑफिसला रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं, जीएसटीतले बदल, सेबीचे आदेश वेळेत कळावे लागतात. घरी खडकवासल्यातून मुठेत किती पाणी सोडलं, गुरुवारी कोणत्या भागात पाणी बंद आहे, नदीला पाणी वाढलं की बंद होणारा भिडे पूल सुरू आहे की नाही, हे लागतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हापासून आमच्या भागात पावसाळ्यातली बातमी ही वेळ घालवायची गोष्ट राहिलेली नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या. सोसायटीच्या ग्रुपवर वाहतूक बदलांचे दोन नकाशे फिरत होते, एक त्या वर्षीचा आणि एक आदल्या वर्षीचा. तारीख दोन्हींवर नव्हती. बातम्यांचं ॲप उघडलं तर वर एका नटाच्या लग्नाची बातमी, तीच पुन्हा जरा खाली दुसऱ्या मथळ्याने, आणि पोलिसांची सूचना कितीतरी खाली. ती सूचना वाचून झाल्यावर पुन्हा वर गेले तर क्रम बदललेला. मघाशी दिसलेली बातमी शोधूनही सापडेना. माझ्यासाठी काय महत्त्वाचं आहे हे कुणी दुसरंच ठरवतं आहे, आणि कशावरून ठरवतं आहे हे मला कधीच कळणार नाही, याचा मला त्या दिवशी खरंच संताप आला.

त्या रविवारी भाचा जेवायला आला होता. तो हिंजवडीला नोकरी करतो. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "मावशी, तू फीड का लावत नाहीस? आपण पेपर लावतो ना, तसंच. ज्यांचं वाचायचं त्यांची नावं सांगायची. त्यांनी काही नवं छापलं की तुझ्याकडे येणार. ज्यांचं नाव दिलं नाही, ते येणार नाही."

"आणि वर काय, खाली काय, हे कोण ठरवणार?"

"घड्याळ. नंतर छापलेलं वर. बाकी कुणी नाही."

मला तेवढंच हवं होतं.

एक बारीक सूचना इथेच देऊन ठेवते. या फीडच्या तंत्राचं नाव आरएसएस. मराठीत नुसतं 'आरएसएस' असं शोधलं तर सगळं संघाबद्दलचं समोर येतं. 'आरएसएस फीड' किंवा 'फीड रीडर' असं शोधा.

आधी मला हे तंत्र काय आहे ते पाहायचं होतं. न समजता काही वापरणं मला जमत नाही, हिशेबाच्या कामामुळे सवयच तशी लागली आहे. भाच्याने एक फीड उतरवून नोटपॅडमध्ये उघडून दिली. ती साधी मजकुराची फाइल निघाली. प्रत्येक बातमीचा एक तुकडा, त्यात मथळा, बातमीचा पत्ता, दोन-तीन ओळींचा गोषवारा, एक ओळखखूण आणि तारीख. तारीख तास, मिनिटं, सेकंदांसकट, आणि शेवटी भारतीय वेळेचं अधिक ०५३०. ग्रुपवरच्या नकाशावर जे नव्हतं ते इथे प्रत्येक बातमीला चिकटलेलं होतं. आपला रीडर ठरावीक वेळाने त्या साइटला विचारतो, फाइल बदलली का? बदलली नसेल तर साइट ३०४ हा आकडा परत पाठवते, म्हणजे नवीन काही नाही. बदलली असेल तर नवी फाइल येते आणि रीडर ओळखखुणा ताडून फक्त नव्या बातम्या दाखवतो. एवढाच सगळा व्यवहार. साइटवर खातं उघडावं लागत नाही, ईमेल द्यावा लागत नाही, फोन नंबर तर नाहीच.

आरएसएसचा इतिहास वाचताना माझी भीड खूप चेपली. पहिली आवृत्ती मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत निघाली आणि ती तयार करणाऱ्यांत रामनाथन गुहा होते, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले. डिसेंबर २००० च्या १.० आवृत्तीवर काम करणाऱ्यांत ॲरन स्वार्ट्झ हा १४ वर्षांचा मुलगा होता. आज सगळीकडे दिसते ती २.० आवृत्ती २००२ ची, डेव्ह वायनर यांनी आणलेली. २००५ मध्ये ॲटम नावाचं तसंच दुसरं स्वरूप प्रमाण झालं. रीडर दोन्ही वाचतात, तेव्हा आपल्याला फरक पडत नाही. भाच्याने कॉलेजात वापरलेला गूगल रीडर २००५ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि १ जुलै २०१३ ला बंद केला गेला. त्या वेळी अनेकांना वाटलं की फीडचं युग संपलं. पण रीडर बंद झाला तरी फीड्स आपापल्या साइटवर होत्याच. लोकांनी आपली यादी उचलली आणि दुसऱ्या रीडरमध्ये नेली. ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. उद्या मी निवडलेली कंपनी गेली तरी माझी यादी माझ्याकडे राहणार होती. आपण ऐकतो ते पॉडकास्टही याच फाइलवर चालतात, फक्त त्यात आवाजाच्या फाइलचा पत्ता असतो.

रीडर निवडायला मात्र वेळ गेला. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. एक, संगणकावर किंवा फोनवर बसवायचा प्रोग्राम: थंडरबर्ड, अँड्रॉइडसाठी फीडर, ॲपलच्या यंत्रांसाठी नेटन्यूजवायर. हे तिन्ही फुकट आहेत. दोन, ऑनलाइन सेवा: फीडली, इनोरीडर, न्यूजब्लर. तिथे खातं उघडायचं, मग कुठूनही वाचता येतं. फुकटच्या खात्यात फीड्सच्या संख्येला मर्यादा असते. मी पाहिलं तेव्हा फीडलीत १०० आणि इनोरीडरमध्ये १५० होती, आणि घरगुती वाचनाला ती पुष्कळ झाली. तीन, स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचे, उदाहरणार्थ फ्रेशआरएसएस. त्याच्या वाटेला मी गेले नाही.

जूनच्या शेवटच्या शनिवारी घरच्या लॅपटॉपवर थंडरबर्डपासून सुरुवात केली, कारण मेलसाठी तो आधीपासून होता. त्यात मेलच्या खात्यासारखंच फीडचं खातं काढता येतं. पहिली फीड लावली ती रिझर्व्ह बँकेच्या अधिसूचनांची. पत्ता चिकटवला, बटण दाबलं, आणि एकाखाली एक परिपत्रकं येऊन बसली. विषय, तारीख, वेळ. ना जाहिरात, ना 'तुम्हाला हेही आवडेल'. मी कितीतरी वेळ ती यादी नुसती पाहत होते. ऑफिसात रोज सकाळी साइट उघडून, पान खाली सरकवून, काल काय होतं ते आठवून जे काम मी करत होते, ते हा प्रोग्राम आपणहून करत होता.

आता सगळ्यात किचकट भाग, फीड शोधणं. पूर्वी ब्राउझरच्या पट्टीतच नारिंगी चौकोनी खूण दिसायची. फायरफॉक्सनेही डिसेंबर २०१८ च्या ६४ व्या आवृत्तीत फीड वाचायची अंगभूत सोय काढून टाकली. त्यामुळे आज साइटवर फीड असली तरी ती डोळ्यांना दिसत नाही, आणि नवीन माणसाला वाटतं की नाहीच. मी जुलैचा बहुतेक सगळा महिना यात घालवला. ज्या युक्त्या लागू पडल्या त्या सांगते.

सर्वांत सोपं म्हणजे साइटचा साधा पत्ताच रीडरच्या शोधपेटीत टाकायचा. पानाच्या पोटात फीडचा पत्ता लिहिलेला असेल तर बरेचसे रीडर तो स्वतः हुडकतात. नाही सापडला तर पानाच्या अगदी तळाशी जाऊन पाहायचं, सरकारी साइटवर दुवा तिथेच असतो. रिझर्व्ह बँक, सेबी आणि केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय (पीआयबी), तिघांच्या फीड्स आहेत, आणि रिझर्व्ह बँकेच्या तर अधिसूचना, प्रसिद्धिपत्रकं, भाषणं अशा वेगवेगळ्या. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या एका प्रचलित प्रणालीवर) असेल तर पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजी अक्षरांत 'फीड' लिहायचं. मराठीतले असंख्य ब्लॉग आणि काही वृत्तसाइटसुद्धा एवढ्याने उघडतात, आणि बऱ्याचदा एकाच विभागाच्या किंवा एकाच लेखकाच्या पानापुढे 'फीड' लिहिलं तर फक्त तेवढंच मिळतं. ही मला सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट आहे. पूर्ण वर्तमानपत्र लावण्यापेक्षा त्याचं पुण्याचं पान लावा. यूट्यूब चॅनेलचा पत्ताही रीडरमध्ये टाकता येतो, प्रत्येक चॅनेलची फीड असते. बीबीसी मराठीची फीड मिळाली. कुठेच काही हाती लागलं नाही तर लॅपटॉपवर कंट्रोल आणि यू दाबून पानाचा कोड उघडायचा आणि त्यात इंग्रजी अक्षरांत 'आरएसएस' किंवा 'ॲटम' शोधायचं. कोड वाचता यायची गरज नाही, पत्ता तेवढा उचलायचा.

दुसरी मोठी युक्ती गूगल न्यूजची. तिथे काहीही शोधलं की पत्त्यात 'सर्च' हा शब्द येतो. त्याच्या आधी इंग्रजी अक्षरांत 'आरएसएस' आणि तिरकी रेघ घातली की त्या शोधाचीच फीड तयार होते. शेवटचा भाषा आणि देशाचा तुकडा तसाच ठेवायचा, म्हणजे मराठी बातम्या येतात. मी 'खडकवासला विसर्ग' आणि 'पुणे पाणीपुरवठा बंद' अशा फीड्स लावल्या. 'सिंहगड रस्ता' आणि 'सिंहगड रोड' हे दोन्ही लावावे लागतात, कारण वर्तमानपत्रं दोन्ही लिहितात. अर्थात इथे काय निवडायचं ते गूगल ठरवतं. म्हणून ज्यांची स्वतःची फीड आहे त्यांची सरळ त्यांच्याकडूनच घ्यायची आणि हा मार्ग राखून ठेवायचा, असं मी ठरवलं.

सगळ्याच फीड्स धड नसतात. एका वृत्तसाइटची फीड सापडली खरी, पण तिच्यातली शेवटची बातमी काही वर्षांपूर्वीची होती. दुसऱ्या एकीत मराठीच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येत होती. मजकूर यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या प्रचलित पद्धतीत) आहे असं फाइलमध्ये नीट सांगितलेलं नसलं की असं होतं, आपल्याकडून त्यावर इलाज नाही. काहींमध्ये फक्त मथळा आणि एक ओळ येते. अशा वेळी फीडर ॲपमध्ये पूर्ण लेख आणायचा पर्याय आहे, तो चालू करून पाहा. पैसे भरून वाचायचा मजकूर मात्र फीडमधून फुकट मिळत नाही, आणि मिळावा असं मला वाटतही नाही. बातमीदाराला पगार द्यावा लागतो. आमच्याकडे सासूबाईंसाठी कागदी 'सकाळ' अजून येतो आणि येत राहील.

सगळ्यांत जास्त ताटकळावं लागलं ते एका सार्वजनिक कार्यालयामुळे. त्यांच्या सूचना आमच्या रोजच्या जगण्याशी निगडित, पण साइटवर त्या पीडीएफ म्हणून टाकलेल्या आणि फीड नाही. मी ७ जुलैला ईमेल केला. नुसती 'फीड द्या' अशी विनंती केली नाही, आरएसएस २.० स्वरूप, यूटीएफ-८ मजकूर, प्रत्येक सूचनेला तारीख आणि कायमचा पत्ता, असं मुद्द्यांत लिहिलं. लगेच आपोआप पोच आली, तक्रार क्रमांकासह. मग पंधरवडा शांतता. फोन केला तर संगणक विभागाचा विस्तार क्रमांक दिला, तिथे कुणी उचलेना. पुढच्या आठवड्यात ज्यांनी उचलला त्यांनी अतिशय सौजन्याने सगळं ऐकून घेतलं, क्रमांक लिहून घेतला आणि सांगितलं की साइटचं काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे आहे, त्यांच्याकडे पाठवतो. ऑगस्टच्या मध्यावर उत्तर आलं: सूचना संबंधितांकडे अग्रेषित केली आहे, प्रकरण निकाली. फीड अजून नाही. तरी तुम्हीही असे ईमेल लिहा असं मी आग्रहाने सांगेन, कारण त्या फोनवरच्या गृहस्थांनी मला विचारलं होतं, "मॅडम, हे आणखी कुणी मागतं का?" तोपर्यंतचा उपाय म्हणून पानावर लक्ष ठेवून बदल झाला की फीडमध्ये टाकणारी एक सेवा वापरते आहे. ज्या संस्था फक्त ईमेलने वार्तापत्र पाठवतात त्यांच्यासाठी 'किल द न्यूजलेटर' नावाची फुकट सोय आहे. ती एक ईमेल पत्ता देते, त्यावर आलेलं वार्तापत्र फीडमध्ये दिसतं.

जुलैच्या शेवटी माझ्याकडे चाळिसेक फीड्स झाल्या होत्या आणि न वाचलेल्यांचा आकडा हजाराच्या वर गेला होता. त्या आकड्याने मला खूप अस्वस्थ केलं. ऑफिसातून दमून यायचं आणि तो ठळक आकडा समोर, जणू तेवढं काम अंगावर आहे. दोन-चार दिवस मी लॅपटॉप उघडलाच नाही. हे सोडून द्यावं असं वाटलं ते याच टप्प्यावर, आणि माझा अंदाज आहे की बहुतेक लोक इथेच सोडत असतील. म्हणून या भागाबद्दल जरा जास्त लिहिते.

मी एका रविवारी सकाळी बसून कोणती फीड दिवसाला किती बातम्या टाकते ते पाहिलं. दोन वृत्तसंस्थांच्या सर्वसाधारण फीड्सच जवळजवळ सगळा ढीग करत होत्या. त्या काढल्या, आणि त्यांच्या जागी फक्त पुणे विभागाच्या घेतल्या. आणि आठवड्याला एखादाच लेख लिहिणारे जे लोक त्या ढिगाखाली गाडले जात होते, ते एकदम वर आले. पक्ष्यांवर लिहिणारे एक गृहस्थ, गडकिल्ल्यांच्या जुन्या कागदपत्रांवर लिहिणाऱ्या एक बाई, करावर नेमकं लिहिणारे एक वकील. हे लोक मला कोणत्याही ॲपने कधी दाखवले नव्हते. फीडचं खरं सुख या क्वचित लिहिणाऱ्यांसाठी आहे असं माझं ठाम मत झालं आहे. जो रोज शंभर गोष्टी छापतो तो कुठेही दिसतोच. जो महिन्यातून एकदा लिहितो त्याच्या साइटवर आपण रोज जाऊन पाहणार नाही, आणि त्याने लिहिलं त्या दिवशी ते आपल्यापर्यंत पोचायला हवं.

मग कप्पे केले: 'ऑफिस', 'पुणे', 'पाऊस', 'सावकाश'. पहिले तीन सकाळी चहाबरोबर. 'सावकाश' रविवारी. आणि 'सर्व वाचलेलं धरा' हे बटण न घाबरता दाबायला शिकले. दोन दिवसांपूर्वीच्या शहराच्या बातम्या वाचायच्या राहिल्या तर त्या राहू द्यायच्या. खरंच महत्त्वाचं असेल ते पुन्हा येतं. त्यानंतर पहिल्यांदा असं झालं की सकाळी पावणेआठला यादी संपली. खाली सरकवायला काही उरलंच नाही. मी फोन ठेवला आणि डबे भरायला घेतले. बातम्या वाचून संपू शकतात, हे कितीतरी वर्षांत मी अनुभवलं नव्हतं.

पावसाबद्दल एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगायची आहे. रीडर बातमी आली का ते ठरावीक वेळाने विचारतो, कुणी अर्ध्या तासाने, कुणी तासाने, फुकटच्या सेवा काही फीड्सच्या बाबतीत त्याहूनही उशिरा. त्यामुळे धरणाच्या विसर्गासारख्या बाबतीत फक्त फीडवर विसंबू नका. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' पोर्टलवर इशाऱ्यांची फीड आहे, ती मी लावली आहे, पण त्यांचं ॲपही फोनवर ठेवलं आहे आणि त्याच्या सूचना चालू ठेवल्या आहेत. ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढवला तेव्हा फीडचा उपयोग झाला तो वेगळा: ग्रुपवर फिरणारा क्युसेकचा आकडा आत्ताचा की सकाळचा, हे पडताळता आलं. मूळ बातमीची वेळ समोर असल्यामुळे मी ग्रुपवर वेळेसकट आकडा टाकू शकले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "तुला कसं कळलं गं?" तेव्हा त्यांना यादी दाखवली.

लॅपटॉप आणि फोन यांचा मेळ बसत नव्हता. थंडरबर्डमध्ये वाचलेलं फोनवरच्या फीडरमध्ये न वाचलेलंच राहायचं. म्हणून गणपती बसायच्या आधी मी ऑनलाइन सेवेकडे गेले. मला या स्थलांतराची भीती होती, सगळं पुन्हा लावावं लागेल की काय अशी. पण थंडरबर्डमधून ओपीएमएल नावाची एक फाइल काढता येते, तीत सगळ्या फीड्सचे पत्ते आणि कप्पे असतात. ती नव्या ठिकाणी चढवली आणि मिनिटभरात सगळं जागच्या जागी आलं, कप्प्यांची मराठी नावंसुद्धा जशीच्या तशी. ही फाइल दर महिन्याला काढून ठेवा. मी ती हिशेबाच्या बॅकअपबरोबरच पेन ड्राइव्हवर ठेवते.

३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक झाली. रात्रीपासून ऑफिसच्या ग्रुपवर नव्या दरांच्या याद्या येऊ लागल्या, एकीत एक वस्तू ५ टक्क्यांत तर दुसरीत तीच १८ मध्ये. सकाळी माझ्या 'ऑफिस' कप्प्यात पत्र सूचना कार्यालयाचं प्रसिद्धिपत्रक होतं, जोडपत्रांसह, आणि नेहमीच्या शंकांची उत्तरं देणारं वेगळं पत्रकही. बहुतेक दर २२ सप्टेंबरपासून लागू, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं. मी दोन्ही छापून सरांच्या टेबलावर ठेवली. त्या दिवशी अशिलांचे फोन सतत वाजत होते आणि आम्ही प्रत्येकाला मूळ कागदावरून उत्तर दिलं. इतक्या महिन्यांची खटपट त्या एका सकाळी पुरती वसूल झाली.

पैशांचा प्रश्न ऑक्टोबरात आला. फुकटच्या खात्यात मला हवी ती गाळणी नव्हती, म्हणजे मथळ्यात अमुक शब्द असेल तर वर आण, तमुक असेल तर लपव. म्हणून वर्षाची वर्गणी भरायचं ठरवलं. सेवा परदेशी, यूपीआय नाही, कार्डच हवं. कार्ड नाकारलं गेलं. कारण असं की रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, आपण ते चालू करावे लागतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑनलाइन आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केले, मर्यादा वर्गणीच्या थोडी वर ठेवली, पैसे भरले आणि लगेच पुन्हा बंद केले. डॉलरच्या भावावर बँकेचा अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो, तो धरून हिशेब करा. आणि हे नीट ऐका: वर्गणी भरल्याशिवाय काही अडत नाही. रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं, दोन वर्तमानपत्रांची पुणे पानं आणि आवडते पाच-सहा ब्लॉग एवढ्यासाठी फुकटचं खातं कायम पुरेल. माझं ऑफिसचं काम त्यात होतं म्हणून मी पैसे घातले.

दिवाळीच्या सुट्टीत यादी पुन्हा एकदा झाडली. बंद पडलेल्या फीड्स रीडर लाल खुणेने दाखवतो, त्या काढल्या. मघाशी सांगितलेली वर्षानुवर्षं बंद असलेली जी फीड होती, तिच्या संपादकीय विभागाला जुलैतच दोन ओळींचा ईमेल केला होता. उत्तर आलं नव्हतं, पण सहज पुन्हा लावून पाहिली तर ती चालू होती, त्याच सकाळच्या बातम्यांसह. कुणीतरी ईमेल वाचला असणार. त्यांना आभाराचं पत्र पाठवलं.

आता ऑफिसातल्या दोघींनी आणि खालच्या काकूंच्या मुलाने माझी ओपीएमएल फाइल मागितली आहे. देण्याआधी एक काम करावं लागतं, तेवढं सांगते. वर्गणी भरून मिळणाऱ्या काही पॉडकास्टचे आणि वार्तापत्रांचे फीडचे पत्ते आपल्या एकट्यासाठी असतात. त्या लांबलचक पत्त्यातच आपली किल्ली असते. फाइल तशीच दिली तर तीही दुसऱ्याकडे जाते. 'किल द न्यूजलेटर'च्या पत्त्यांचंही तेच. मी रीडरमध्ये अशा सगळ्यांचा 'खासगी' म्हणून वेगळा कप्पा केला, फाइल नोटपॅडमध्ये उघडून तेवढा कप्पा पुसला, वेगळ्या नावाने जतन केली आणि ती पाठवली. फाइल उघडताना बिचकू नका, आत फक्त पत्ते असतात.